चिंचेच्या चढावरचा गार काटा

गाडीच्या रेडिएटरमधले पाणी बोटावर घेऊन जिभेला लावणारा माणूस साऱ्या वसई तालुक्यात एकच होता, आणि तो म्हणजे नंदाखालचा गंगाराम राऊत. त्याचे दुकान आगाशीच्या रस्त्याला भेंडीच्या डेरेदार झाडाखाली होते. दुकान कसले, वर चार पत्रे, खाली एक सिमेंटचा हौद, कथील वितळवायची शेगडी आणि खांबाला टांगलेल्या लांब चपट्या सळया. गाडी कोणत्या गावचे पाणी पिते हे तो चवीवरून सांगत असे. भुईगावच्या विहिरींचे पाणी मचूळ. ते तांबे खाते आणि नळ्यांच्या तोंडाशी हिरवे कीट धरते. नंदाखालच्या वाड्यांचे पाणी गोड, पण ते नळीत चुन्यासारखा पांढरा थर बसवते. चांदीपच्या बाजूचे पाणी लाल गाळ घेऊन येते.

त्याची पत्नी नर्मदा शेजारणींना म्हणे, "दुसऱ्यांचे नवरे देवळात तीर्थ घेतात. आमचे हे मोटारीचं घेतात. पुण्य कुठल्या खात्यात जमा होतं, देव जाणे!"

गंगारामचा जन्म केळीच्या वाडीतला. लहानपणी तो रहाटाचे पाणी पाटातून रोपांना देत असे. पाणी शेवटच्या केळीपर्यंत गेले पाहिजे, वाटेत तुंबता कामा नये, एवढे एकच ज्ञान त्याच्या वडिलांनी त्याला दिले. पुढे कुर्ल्याला एका वस्तादाकडे तो रेडिएटरचे काम शिकला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की मोटार ही सुद्धा एक वाडीच आहे. इंजिनाच्या पोटात तापलेले पाणी वरच्या पाइपाने रेडिएटरमध्ये येते. तेथे ते बारीक नळ्यांमधून खाली उतरते, पंख्याचा वारा त्याला निववतो आणि मग खालच्या पाइपाने ते पुन्हा इंजिनाकडे जाते. हा फेरा चालू आहे तोवर लोखंड जिवंत. फेरा थांबला की लोखंड स्वतःलाच खाते.

म्हणून गाडी दुकानासमोर उभी राहिली की गंगाराम आधी बॉनेट उघडी आणि वैद्याने नाडी धरावी तसा दोन्ही पाइपांना हात लावी. वरचा पाइप पोळणारा आणि खालचा सोसेल इतका ऊन असला, तर गाडी निरोगी. वरचा पोळणारा आणि खालचा प्रेतासारखा गार असला, तर नळ्या बुजल्या. इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्याकडे तो शेवटी पाही. काट्यावर त्याचा विश्वास नव्हता. तो का नव्हता, हे मात्र त्याने पाच वर्षांत कोणालाही सांगितले नव्हते.

चांदीपचा दिनानाथ भोईर हा त्याचा स्नेही. दिनानाथच्या शेतात बारमाही पाण्याची विहीर होती. नालासोपारा आणि विरार या बाजूला नव्या इमारती उभ्या राहिल्या, पण नळाला पाणी आले नाही. तेव्हा दिनानाथने एक जुना ट्रक घेऊन त्यावर टाकी चढवली आणि तो इमारतींना पाणी पुरवू लागला. विहिरीवर त्याचा एक नेम होता. पहिली बादली काढायची आणि पाण्यातल्या देवता साती आसरा यांच्या नावाने ती पुन्हा विहिरीतच ओतायची. दुसरी बादली इंजिनाला पाजायची. त्यानंतरच पंप सुरू करायचा. बादली देण्याआधी गाडी तासभर सावलीत निवत असे, त्यामुळे झाकण उघडायला धोका नसे. नेम चांगला होता. परंतु त्यात एक खोट होती. रोज न मागता बादली मिळत असल्यामुळे इंजिन रोज किती पाणी पिते, हे कोणी मोजत नसे.

सन १९९३च्या वैशाखात दिनानाथ दुकानी आला. रेडिएटर गळत होता. लग्नसराई होती, वऱ्हाडाच्या गाड्या दुकानापुढे रांगेने उभ्या होत्या आणि गंगारामला मान वर करायला सवड नव्हती.

"दिनानाथ, चार दिवस थांब. तोवर मूठभर हळद टाक आत. गळती धरते."

"हळद? गाडीचं लगीन लावायचं काय?"

"लाव. नवरा तूच हो."

दोघेही हसले. हा उपाय खोटा नव्हता. वाटेत अडलेला ड्रायव्हर आजही तो करतो. हळद पाण्याबरोबर फिरते, चिरेत जाऊन बसते आणि गळती थांबवते. परंतु ती केवळ चिरेतच बसते असे नाही. गळती थांबली म्हणून दिनानाथ चार दिवसांनी आला नाही. चार आठवड्यांनीही आला नाही. उलट गळती पुन्हा सुरू होऊ नये म्हणून तो अधूनमधून आणखी हळद टाकत राहिला. एकदा त्याची गाडी दुकानावरून गेली, तेव्हा त्याला हाक मारावी असे गंगारामच्या मनात आले होते. पण हातात कथिलाचा डाग द्यायचा तापलेला खिळा होता. हाक राहून गेली.

ज्येष्ठात एका मंगळवारी, भर दुपारी बारा वाजता, विहिरीकडून हमरस्त्याकडे येणाऱ्या चिंचेच्या चढावर दिनानाथची गाडी अडली. काटा निळ्या बाजूला, म्हणजे गार होता. म्हणून त्याने निर्धास्तपणे झाकण फिरवले. आतून जी वाफ उसळली, तिने त्याचे तोंड आणि छाती भाजली. आठव्या दिवशी तो गेला.

गंगाराम भेटायला गेला, तेव्हा ओटीवर माणसे कुजबुजत होती. काटा गार होता, हे चौघांनी पाहिले होते. गार इंजिनातून वाफ येईलच कशी? ती इंजिनाची नव्हेच. ती विहिरीवरून आलेली. वाफेला हळदीचा वास होता, असेही एकाने शपथेवर सांगितले.

दिनानाथची पत्नी यमुना आतून उठून आली आणि गंगारामसमोर बसली. "भाऊ, तुमी यातलं जानता. काटा गार व्हता, तर वाफ कुठून आली?"

गंगारामला उत्तर ठाऊक होते. काट्याची तार पाण्यात बुडालेली असेल तरच काटा खरे बोलतो. पाणी उकळून उडून गेले, की ती तार मोकळ्या जागेत लटकते आणि काटा खाली येतो. गाडी गार झाली म्हणून नव्हे, आत पाणीच नाही म्हणून. पाणी का उडाले, तेही त्याला ठाऊक होते. ते सांगायचे तर हळदीचे नाव घ्यावे लागले असते, आणि हळद कोणी सांगितली, हेही.

त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "वहिनी, देवाची करणी."

बस, एवढे एकच वाक्य. पण बोललेला शब्द भांड्यात पडलेल्या कथिलासारखा असतो. जेथे पडतो तेथे गोठतो.

त्यानंतर चार वर्षे ट्रक अंगणात उभा होता. सन १९९७ साली दिनानाथचा मुलगा परेश याला जड वाहनाचा परवाना मिळाला आणि त्याने विरारच्या एका मिस्त्रीकडून इंजिन बांधून घेऊन गाडी पुन्हा रस्त्यावर आणली. गंगारामकडे तो आला नाही, आणि गंगारामनेही त्याला बोलावले नाही.

सन १९९८च्या मे महिन्यात तो पहिल्यांदा आला. वरचा पाइप फुगला होता.

"काका, फटाफट बदलून द्या. तीन सोसायट्यांची माणसं बादल्या घेऊन गेटवर उभी आहेत."

गंगारामने बॉनेट उघडले मात्र, त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. बॉनेटखालून तेल किंवा डिझेल नव्हे, तर लग्नघराचा वास येत होता. त्याने वरच्या पाइपाला हात नेला. तो पोळत होता. खालच्या पाइपाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तो विहिरीच्या तळासारखा गार होता.

"परेश, गाडीत हळद कोण टाकतं?"

"आई. दर मंगळवारी. आसरांना वाहते, चिंचेखाली बाबांच्या जागेवर वाहते आणि उरलेली गाडीला. बाबासुद्धा टाकायचे म्हणे." परेश हसला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, तुम्हाला म्हणून सांगतो. चिंचेचा चढ आहे ना, तिथे काटा आधी लालकडे जातो. मग कोणीतरी हात ठेवल्यासारखा सावकाश खाली येतो, थेट निळ्यावर. भरलेली टाकी, मे महिना, आणि गाडी गार! आई म्हणते, बाबा येऊन बसतात."

"गाडी इथे ठेव. दोन दिवस."

"वेडे झालात? मेमध्ये टँकर दोन दिवस बंद?"

"काटा खोटं बोलतो, बाळा. नळ्या साफ करून देतो, वर पाण्याऐवजी हिरवं कुलंट घालतो..."

"सरबत पाजणार गाडीला?" पलीकडे आपल्या टेम्पोला टेकून उभा असलेला भुईगावचा हिलरी मध्येच म्हणाला, "परेश, आपलं गंगारामकाका म्हातारं झालं. आता पाण्याचं पण पैसं मागेल."

परेश हसत गाडीत बसला. तोवर बोलता बोलता गंगारामने पाइप बदलून दिला होता. त्याने परेशच्या खिडकीचा काठ धरला. आता सांगावे, असे त्याला वाटले. पण हिलरी ऐकत होता, आणि मुलाच्या चेहऱ्याची ठेवण थेट दिनानाथची होती. तो एवढेच म्हणाला, "उद्या मंगळवार. मी तुझ्याबरोबर येतो. चढावर झाकणाला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी साडेअकरा वाजता दोघे विहिरीवर होते. परेशने पहिली बादली विहिरीला दिली. दुसरी इंजिनाला देऊ लागला, आणि रेडिएटरने ती सगळी घेतली. तिसरीसुद्धा अर्धी घेतली. परेशला त्यात काही वावगे दिसले नाही. टाकी भरली आणि गाडी निघाली.

ऊन असे होते की सावल्या झाडांच्या बुंध्यात शिरून बसल्या होत्या. कोठे कावळाही ओरडत नव्हता. चढ लागताच इंजिन घोगरे झाले. गंगारामची नजर काट्यावर खिळली होती. काटा मध्यावरून लालकडे गेला. लालवर थरथरला. कॅबमध्ये हळदीचा वास पसरू लागला, आधी मंद, मग असा दाट की घसा कोरडा पडावा. आणि मग काटा खाली येऊ लागला. घाई नाही, झटका नाही. मेलेल्या माणसाच्या पापण्या कोणी बोटाने मिटाव्यात, तसा.

परेशने स्टिअरिंगवरचा एक हात काढून काट्यासमोर कपाळाला लावला. "आले," तो म्हणाला.

गंगारामला कारण पाठ होते. तार, पाणी, मोकळी जागा. तरी त्या क्षणी त्याने आपल्या आणि परेशच्या मधल्या रिकाम्या सीटकडे पाहिले नाही. त्याला ते धैर्य झाले नाही.

"थांबव गाडी!"

गाडी नेमकी चिंचेपाशी थांबली. चिंचेखाली यमुना तांब्याचे ताट घेऊन उभी होती. तिच्या पायापाशीची जमीन पाच वर्षांच्या हळदीने पिवळी झाली होती. थांबलेली गाडी पाहून ती जागीच ताठ झाली, आणि मग खिडकीतल्या गंगारामकडे पाहून म्हणाली, "भाऊ? तुमी हितं?"

परेशने खाली उडी मारून बॉनेट वर केले. "आई, काकांचा विश्वास नाही. म्हणतात काटा खोटा. झाकण उघडून दाखवतो त्यांना, गाडी कशी गार आहे ती."

"नाही!" गंगाराम उतरता उतरता ओरडला.

यमुना पुढे झाली. तिने वाकून हात आत घातला तो नेमका खालच्या पाइपावर. तिचे डोळे भरून आले. "गार हाय," ती म्हणाली. "भाऊ, हात लावून बघा. ह्यांचा हात असाच गार व्हता, शेवटच्या दिवशी. उघड रे पोरा, बघू दे त्यांना."

इंजिनातून आवाज येत होता. टिक्. मग टिक् टिक्. कोणी लांबून काकणे वाजवत यावे तसा. लोखंड आखडताना असेच वाजते, हे गंगारामला माहीत होते. परेशने झाकणावर पंजा ठेवला. गंगारामने त्याचे मनगट धरले. मनगट तरुण होते, दणकट होते. त्याने एक हिसका दिला आणि गंगाराम बंपरवर आदळला. जोराने हे मनगट आवरणार नाही, हे त्याला कळून चुकले. ते आवरण्याजोगी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती.

"तुझा बाप असाच मेला!" तो म्हणाला. "काटा गार होता. त्यानेही असाच पंजा ठेवला होता. आत पाणी नव्हतं, परेश, नुसती वाफ होती. काटा वाफेत लटकला की गारच दाखवतो. हळदीने नळ्या बुजल्या होत्या. आणि हळद त्याला मी सांगितली होती."

परेशचा पंजा झाकणावर तसाच राहिला, पण फिरला नाही.

गंगाराम यमुनाकडे वळला. त्याने हात जोडले. "चार दिवसांपुरती सांगितली होती, वहिनी. मला कामातून सवड नव्हती. पुढे तो दुकानावरून गेला, तेव्हा मी हाकसुद्धा मारली नाही. तुम्ही मला विचारलंत, वाफ कुठून आली. मला ठाऊक होतं. मी देवाचं नाव घेतलं. ते खोटं होतं."

टिक्. टिक्. गंगारामने यमुनाच्या हातातल्या ताटातले चिंचेचे एक ओले पान उचलले आणि वरच्या पाइपावर ठेवले. पान चुरचुरले आणि काळे पडले.

यमुनाने त्या पानाकडे पाहिले. तिचा दुसरा हात अजून खालच्या गार पाइपावरच होता. तो तिने हळूहळू काढून घेतला आणि पदराला पुसला.

"मग पाच वरसं मी हळद कोनाला वाहिली?"

एक खोटे उत्तर गंगारामने तिला पूर्वी दिलेच होते.

तासभर तिघे चिंचेखाली बसले. मागे टाकीत दहा हजार लिटर पाणी होते आणि पुढे इंजिनात घोटभर नव्हते. परेश गुडघ्यांत मान घालून बसला होता. तासाने टिकटिक थांबली. गंगारामने गोणपाट भिजवून झाकणावर टाकले, तोंड बाजूला केले आणि झाकण पाव आटा फिरवून थांबला. वाफ आली नाही. उलट आतून सुस्कारा ऐकू आला. बाहेर टाकलेला नव्हे, आत ओढलेला. जणू कोणीतरी बराच वेळ श्वास धरून बसले होते. परेश दचकून उठला. गंगारामने आत काडी घातली. हातभर काडी कोरडी बाहेर आली. टोकाला तेवढे पिवळे लागले होते.

निवलेल्या इंजिनात मागच्या टाकीतले पाणी थोडे थोडे भरत, चार ठिकाणी थांबत, त्यांनी गाडी दुकानी आणली. या वेळी परेशने दिवस विचारले नाहीत. गंगारामने रेडिएटर उतरवला, त्याची वरची टाकी कथील वितळवून सोडवली आणि एकेका नळीत सळई घातली. नळ्यांमधून लाल गाळात कालवलेली हळद निघाली, दगडासारखी घट्ट, घमेलेभर. साऱ्या दुकानाला लग्नघराचा वास लागला. नर्मदा डबा घेऊन आली, वास घेताच दारातच थबकली आणि न विचारता डबा ठेवून परत गेली. हौदात हात घालताना गंगारामला पाण्याखाली आपला हात पिवळा दिसे. तो वर काढला की मात्र स्वच्छ असे.

तिसऱ्या दिवशी यमुना स्वतः आली. तिने ते घमेले मागितले. "मातीत घालते. वाहिलेली हाय, गटारात नको." माफी तिने दिली नाही आणि गंगारामने मागितली नाही. परेशने हिरव्या कुलंटचा डबा आपणहून विकत आणला होता. रस्त्यावरून जाताना हिलरीने हाक दिली, "काय रे, सरबत?" परेशने डब्याचे बूच उघडले. हिलरी पुढे निघून गेला.

पुढच्या मंगळवारी गंगाराम पुन्हा परेशच्या शेजारी बसला. विहिरीवर पहिली बादली विहिरीला दिली गेली. दुसरी बादली इंजिनाजवळ नेली तेव्हा रेडिएटर काठोकाठ भरलेला होता. त्याला थेंबही नको होता. परेश बादली हातात घेऊन क्षणभर तसाच उभा राहिला, आणि मग ती त्याने बांधावर ओतली.

चढ लागला. काटा मध्यावर आला आणि तेथेच राहिला. हळदीचा वास आला नाही. परेशने दोनदा काट्याकडे पाहिले आणि एकदा मधल्या सीटकडे. चिंचेपाशी त्याने गाडी थांबवली, तेव्हा त्याचा चेहरा एखाद्याला स्टेशनावर सोडून आल्यासारखा झाला होता.

यमुना झाडाखाली उभी होती. हातात ताट नव्हते.

"काटा?" तिने विचारले.

"मधोमध," परेश म्हणाला.

"खाली नाय आला?"

"नाही, आई."

तिने चढाकडे पाहिले, विहिरीच्या वाटेकडे पाहिले. भर दुपार होती आणि रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता. "मंजे आता पोर येकलाच चढतो," ती म्हणाली.

गंगारामने इंजिन बंद करायला सांगितले. बॉनेट उघडून त्याने आधी स्वतः खालच्या पाइपाला हात लावला आणि मग बाजूला झाला. "वहिनी, हात लावून बघा."

ती पुढे यायला तयार होईना. मग आली. तिने दोन बोटे पाइपाला टेकवली, मग सगळा तळवा. पाइप सोसेल इतका ऊन होता, अंगात ताप असलेल्या जिवंत माणसाच्या मनगटासारखा.

"गरम हाय."

"हो. असाच असायला हवा."

तिने हात काढला नाही. परेश आईच्या मागे येऊन उभा राहिला. नालासोपाऱ्याला माणसे गेटवर बादल्या घेऊन थांबलेली होती, पण त्या दिवशी पाणी थोडे उशिरा गेले.